आबांच्या खुब्यातला रॉड

बारामतीत एक्स-रे काढायची नोकरी करता करता मला एक वाईट खोड लागली. कुणाचंच खरं वाटत नाही. माणूस मनगट धरून आत येतो आणि म्हणतो, "जिन्यावरनं घसरलो हो नुसता." फोटोत बघावं तर हाताचं हाड अशा जागी मोडलेलं, जिथं घसरून मोडतच नाही. कुणीतरी काठी हाणलेली असते आणि यानं ती हातावर झेललेली असते. एखादी बाई सांगते, उंबऱ्याला अडखळून पडले. तिची बरगडी वेगळंच सांगते. मी तोंडानं एवढंच म्हणतो, "श्वास रोखा, हलू नका." मनात म्हणतो, बोला काय बोलायचंय ते, हाडं माझ्याशी खोटं बोलत नाहीत.

हीच खोड घरी आली. बायको म्हणते, "तुमच्या ताटात वाढलं तरी तुमी आधी उजेडात धरून बघता." असेल. पण आबा गेले त्या आठवड्यात या खोडीनं आमच्या घरात जे काही घडवलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्याला लागून आमचं रान आहे. तिथं आबा, आई आणि माझा धाकटा भाऊ राहायचे. मी बारामतीत. काही वर्षांमागं आबा उसाला पाणी देताना बांधावरून पडले आणि त्यांचा डावा खुबा मोडला. भावानं जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. फोटो मीच काढला. मांडीचं हाड अंगातलं सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत दणकट, पण वर खुब्यापाशी त्याला एक तिरकी मान असते. माणूस उभा राहिला की वरच्या धडाचा सगळा भार त्या मानेवरून खाली उतरतो. म्हातारपणी ती मान आतून जाळीदार, पोकळ होत जाते. आबांची नेमकी तिथंच गेली होती.

डॉक्टरांनी मांडीच्या हाडाच्या नळीत रॉड घातला. बोटाएवढा जाड, वरच्या टोकाला किंचित वाकलेला. त्या टोकातून एक जाड स्क्रू तिरका वर, थेट खुब्याच्या गोळ्यात. ऑपरेशननंतरचा फोटोही मीच काढला. रॉड कसा पांढराशुभ्र दिसत होता! मी आबांना स्क्रीनवर दाखवला, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "हे माझंच हाय कशावरनं?"

संशय मी कुणाकडून घेतला, हे आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

मी त्यांना परोपरीनं समजावलं. हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे, ते जित्तं असतं. त्याच्या पोटात रक्त तयार होतं. मोडलं की स्वतःच भोवती नवं हाड धरतं, रॉड फक्त तोवर आधाराला. आबा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आत लोखंड, भाईर मास. गंजलं म्हंजी?" हाड सुरेख जुळून आलं तरी त्यांनी डावा पाय पुरता टेकवला नाही. वॉकर सोडला नाही. आणि दोन-तीन महिने झाले की भावाचा फोन ठरलेला, "दादा, आबा म्हणत्यात रॉड हाललाय."

मग मी सुट्टी टाकून गावी जायचं, आबांना गाडीत घालायचं, बारामतीला आणायचं. वाटेत भिगवणला त्यांना भेळ लागायची, कांदा जास्त, शेव जास्त. ती खाताना दुखणं कुठं जायचं देव जाणे. गाडीत तर तोंडाला खळ नाही. अमक्याचा ऊस, तमक्याची सोयरीक, माझ्या लहानपणी मी बैलाच्या पाठीवरून कसा पडलो, सगळं. टेबलावर निजवलं की मात्र चेहरा पाडून म्हणायचे, "पाय धर की जरा, हालतोय." मी चिडायचो. "आबा, माझा हात फोटोत येतो. गप पडा." एकदा इतका हट्ट धरला की मी किरणं अडवणारा शिशाचा कोट चढवला आणि धरला पाय. व्हायचं तेच झालं, फोटो वाया गेला. दुसरा काढला. रॉड जागच्या जागी.

भावाचं मात्र मत पक्कं झालं होतं. आबांना उठवणं-बसवणं त्याच्या गळ्यात. वॉकरची टकटक दिवसभर त्याच्या कानाशी. तो तोंडावर काही बोलला नाही, पण गावात बोलायचा, ते माझ्यापर्यंत यायचं. "बारामतीच्या दवाखान्यानं काय केलंय काय म्हाईत. केलंय का न्हाय हे बी म्हाईत न्हाय."

आषाढात आबा गेले. पहाटे आईनं चहासाठी हाक मारली, तर उठले नाहीत. त्याच दिवशी पलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारीही गेली होती. आमच्या गावाचं स्मशान म्हणजे पत्र्याचं शेड, चारी बाजूंनी उघडं, आत चिता रचायला दोन लोखंडी जाळ्या. दोन्ही अगदी सारख्या. आम्ही संध्याकाळच्या आत आबांना घेऊन गेलो, तेव्हा रस्त्याकडच्या पहिल्या जाळीवर म्हातारीची चिता अजून धुमसत होती. आबांना पलीकडच्या जाळीवर ठेवलं. आबांजवळ राहायचा तो, म्हणून अग्नी भावानं दिला.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तर रस्ता पाण्याखाली. आमच्याकडं पाऊस पडत नाही, आमच्याकडं पाणी येतं. वरच्या धरणांतून सोडलं की दोन दिवसांत ओढ्याओढ्यानं वर चढतं. म्हणून सगळी मंडळी मागच्या बाजूनं, उसातून, बांधाबांधानं चिखल तुडवत शेडात शिरली. पहिली जाळी धुऊन स्वच्छ केलेली. म्हातारीचे लोक सकाळीच येऊन, आवरून गेले होते. पलीकडच्या जाळीवर राख होती. उरली ती आपली, यात कुणाला शंका येणार? मलाही आली नाही. संशयखोर म्हणवतो स्वतःला!

दूध शिंपडलं, पाणी मारलं. मी म्हटलं, "जरा हळू हात घाला, रॉड निघेल." सगळ्यांनी हाडं वेचायला घेतली. जळालेलं हाड पांढरं आणि हलकं असतं, बोटांत दाबलं तर खडूसारखा चुरा होतो. मणक्यांचे तुकडे आले, कवटीचे आले, दात आले. रॉड आला नाही. भावानं राख दोन्ही हातांनी चाळली. जाळीखालची राखही ओढून बघितली. मग तो उठला, हात झटकले आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत माझ्याकडं बघितलं.

"दादा, लोखंड जळतं व्हय?"

"नाही जळत."

"मग?"

मी पुन्हा एकदा राखेत हात घातला. मामा खाली बघत होते, आत्या पदर तोंडाला लावून माझ्याकडं बघत होती. त्या नजरेनं मी आजवर हजारो लोकांकडं बघितलंय, म्हणून ओळखली. यांना वाटत होतं, मी माझ्या दवाखान्याशी मिळून माझ्याच बापाला फसवलं. अंगाची नुसती लाही लाही झाली.

घरी आल्यावर मी मोबाइलवर आबांचा एक्स-रे उघडून भावाच्या नाकासमोर धरला. "हा बघ रॉड. हे बघ नाव."

"नाव काय, कुणीबी टाकतंय," तो म्हणाला. "फोटो कुणाचाबी असंल. आबा म्हणत न्हवते? हे माझंच हाय कशावरनं?"

"अरे मी स्वतः काढलाय!"

"म्हणूनच."

आई चुलीपाशी बसली होती. ती त्याच्या बाजूनं बोलली नाही आणि माझ्याही नाही. तेच मला जास्त लागलं. घरच्या माणसानं चोर ठरवलं की बाहेरच्यांनी साव म्हटलेलं काय कामाचं? मी ठरवलं, छडा लावल्याशिवाय बारामतीला परत जायचं नाही.

अस्थी घरात आणत नाहीत. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं मागच्या कडुनिंबाला टांगलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जरा आडवे झाल्यावर मी ते खाली उतरवलं, सावलीत बसलो, नमस्कार केला आणि फडक्यावर एकेक हाड मांडत गेलो. आयुष्यभर काळ्या पडद्यावर हाडं बघितली, आता हातात. खुब्याचे गोळे सहसा टिकतात, ते शोधले. दोन्ही मिळाले. आबांच्या डाव्या गोळ्यात स्क्रू शिरलेला, म्हणजे भोक हवं. एकालाही भोक नव्हतं. शिवाय गोळे लहान होते. आबा चांगले सहा फुटी गडी.

मग कमरेच्या हाडाचा एक मोठा तुकडा हाती आला. त्या हाडाला मागच्या बाजूला एक खाच असते. पुरुषाची अरुंद. बाईची ऐसपैस, कारण त्या पिंजऱ्यातून मूल बाहेर यायचं असतं. मी खाचेत अंगठा ठेवला. अंगठा ठेवून इकडंतिकडं हलवायला भरपूर जागा उरली. मी तो काढून पुन्हा ठेवून बघितला. तेवढीच.

"काय चाललंय?"

मागं भाऊ उभा. त्याच्या मागं आई.

"हे आबा नाहीत," मी म्हटलं. "ही बाई आहे."

भावाचा आवाज असा चढला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "आपली चोरी झाकायला आता बापाची बाई केलीस व्हय रं? आणि सावडल्यावर कावळा शिवला त्येचं काय? नैवेद्य ठेवल्या ठेवल्या शिवला की! कावळ्याला काय कळत न्हाय व्हय?"

"कावळ्याला भेळ पाहिजे होती! तू वर शेव पसरली होतीस."

"लई शाना हाईस."

आम्ही एकमेकांच्या अंगावरच जायचो, पण आई मध्येच खाली बसली. तिनं त्या फडक्यावरच्या हाडांना हात लावला नाही. "मग ही कोण हाय?" ती म्हणाली. "आणि तुझा बा कुठं हाय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काठीनं मातीत शेड काढलं, दोन जाळ्या काढल्या, रस्ता काढला. अग्नी दिला त्या दिवशी रस्त्यानं शिरलो होतो, तेव्हा पहिली म्हातारीची. सावडायला मागून, उसातून शिरलो, तेव्हा पहिली आबांची. म्हातारीचे लोकही सावडायला मागूनच शिरले, त्यांनी "शिरल्यावर पहिली आपली" हेच धरून ठेवलं आणि आमचे आबा नेले. आम्ही उरलेली म्हातारी आणली. पाण्यानं रस्ता फिरवला आणि त्याबरोबर माणसंही फिरली.

भावाला ते पटलं, पण तसं दाखवलं नाही. "चला," म्हणाला, "जाऊन बघू. तितं रॉड न्हाय निघाला तर बघ मग." आई म्हणाली, "मी बी येणार." मी मडकं पुन्हा बांधलं, तिनं ते गाडीत मांडीवर घेतलं आणि आम्ही म्हातारीच्या वस्तीवर गेलो.

म्हातारीचा थोरला मुलगा दारातच बाजेवर बसला होता. साठीचा गडी, आम्ही त्याला तात्या म्हणतो. मी सगळं सविस्तर सांगितलं. त्याचे डोळे बारीक बारीक होत गेले. मला तर मी आरशात बघतोय असं वाटलं.

"तात्या, राखेत लोखंडाचं काही निघालं का?"

"काय न्हाय निघालं."

"आठवून बघा."

"तुमचा डाव काय हाय ते आधी सांगा," तात्या म्हणाला. "आमी आईची हाडं नदीला न्हाय सोडली. आमच्या बांधाला खड्डा घेतला, त्यात घातली, वर पेरूचं रोप लावलं. आता तुमी म्हणणार त्यो तुमचा बा हाय. उद्या म्हणशीला, आमचा बा तुमच्या बांधात हाय, मंग बांधबी आमचाच. मला काय कळत न्हाय व्हय?"

भाऊ उसळला, "तुझा बांध घालायचाय काय चुलीत?" मी त्याला धरला. संशयाला उत्तर नसतं, हे मला माझ्यावर बेतल्यावर कळत होतं. फोटो दाखवावा तर हा म्हणणार, कुणाचाही असेल.

आई पुढं झाली. तिनं मांडीवर आणलेलं मडकं बाजेवर, तात्याच्या शेजारी ठेवलं. "रान तुमचं, तात्या. त्यातलं ढेकूळबी आमाला नगं. पर ही तुमची आई हाय. कालपास्नं आमच्या निंबाला लटकलीया, तिला आधी घरी घ्या."

तात्याचा चेहराच बदलला. त्यानं डोक्याची टोपी काढून हातात धरली. "चला दावतो," म्हणाला, आणि आमच्या पुढं चालायला लागला.

बांधाच्या टोकाला गुडघ्याएवढं पेरूचं कलम होतं. नवीन, वाऱ्यानं झुकणारं, म्हणून त्याला टेकू दिलेला. जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेला. काळसर, निळसर झालेला, वरच्या टोकाला किंचित वाकलेला टेकू. आणि त्या टोकातून एक जाड स्क्रू तिरका वर आलेला, आणि त्या बेचक्यात कलमाची फांदी टेकवलेली.

मी तिथंच बांधावर बसलो.

"ह्यो व्हय?" तात्या म्हणाला. "ह्यो राखेतच निघाला. आमी म्हटलं लाकडाच्या वखारीतनं कुठला तरी पार्ट आला असंल. बरा बळकट हाय, म्हणून लावला."

भाऊ खाली वाकला. त्यानं रॉडला हात लावला, हलवून बघितला. हलला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "व्हता की."

एवढंच. मला रडू आलं ते आबांसाठी की त्या दोन शब्दांसाठी, मला आजही सांगता येत नाही.

तात्या म्हणाला, उकरून देऊ का? भाऊ आईकडं बघायला लागला. आई रोपाभोवती एक फेरी मारून आली. "नगं," म्हणाली. "रोपाला धक्का लागंल. इतकी वरसं वॉकरला धरून उभं ऱ्हायले, आता कुणाला तरी धरून उभं केलंय, ते काढायचं कशाला? तुमी शेजारी दुसरा खड्डा घ्या. पेरू लागले की चार धाडा आमाला." तात्यानं त्याच दिवशी दुसरा खड्डा घेतला. म्हातारीला त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून माती दिली.

परत येताना गाडी मी चालवत होतो. भाऊ शेजारी, आई मागं. पाणी उसाच्या सऱ्यांपर्यंत आलं होतं. भाऊ एकदम म्हणाला, "दादा, रॉड व्हता, हाडबी जुळलं व्हतं, तू म्हणतूस. मंग आबा पाय का टेकवत न्हवते? दुखायचं कशापायी?"

मी सांगायला लागलो. म्हातारपणी हाड जुळलं तरी मनातली भीती जात नाही, स्नायू आखडतात, माणसाचा आतल्या लोखंडावर विश्वास बसत नाही. आबा तर मुलखाचे संशयी. माझ्यावरच त्यांचा विश्वास नव्हता, मी किती वेळा दाखवलं, रॉड जागेवर आहे म्हणून—

"गप ऱ्हा," आई मागून म्हणाली. "मोठा हाडं वाचणारा! दुखत-बिखत काय न्हवतं त्यास्नी. ह्यो शेताला गेला की परड्यात वॉकर सोडून फिरायचे, मी बघितलंय. दुखतंय म्हटल्याबिगर तू येत न्हवतास. फोटू काढायचा म्हटलं की यायचास. मंग आदल्या दिशी दाढी करून बसायचे."

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. मी गाडी कडेला घेतली, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं. भिगवणची भेळ, गाडीतल्या त्या गप्पा, "पाय धर की जरा, हालतोय." सगळ्या तालुक्याचं खोटं पकडलं मी, आणि हे एवढं समोर, टेबलावर निजलेलं, मला दिसलं नाही.

कामावर परत गेलो त्या दिवशी मी आबांच्या नावानं साठवलेले फोटो उघडले. सगळे एकसारखे. तोच खुबा, तोच रॉड, तोच स्क्रू. त्यांत तो वाया गेलेला फोटोही होता, खोडून टाकायचा राहिलेला. त्यात आबांची मांडी जरा हललेली, रॉड धूसर, आणि त्यावर आडवी आलेली माझ्या हाताची हाडं, पाचही बोटं, त्यांना घट्ट धरून बसलेली. तो मी खोडला नाही.